बचत गटाची दुसरी फळी : नव्याने अध्यक्ष झालेल्या ताईंसाठी

मंगळवारी दुपारी दोनला गटाची बैठक असते आणि अध्यक्षाताई नेमक्या माहेरी गेलेल्या असतात. मग बैठकच होत नाही. बचत पुढच्या आठवड्यात दुप्पट गोळा करू असं ठरतं, एखादीचा हप्ता चुकतो, वहीत दोन ओळी कोऱ्या राहतात. ताई परत आल्या की सगळ्या म्हणतात, "तुमच्याशिवाय गटाचं पान हलत नाही हो." ऐकायला गोड वाटतं. पण ज्या गटात हे वाक्य वरचेवर ऐकू येतं, त्या गटाची मला काळजी वाटते.

ज्यांच्या गळ्यात नुकतीच अध्यक्षपदाची किंवा सचिवपदाची माळ पडली आहे, त्यांच्यासाठी हे लिहितेय. गट उमेदचा, म्हणजे राष्ट्रीय ग्रामीण जीवनोन्नती अभियानाचा असेल, माविमचा, म्हणजे महिला आर्थिक विकास महामंडळाचा असेल, नाहीतर एखाद्या संस्थेने बांधलेला असेल. अडचणी सगळीकडे त्याच असतात. पदावर असताना गटाची सेवा कशी करायची हे बहुतेकींना आपोआप कळतं. घर चालवलेलं असतं, सून म्हणून, आई म्हणून दुसऱ्याचं आधी बघायची सवय असते. अवघड काम वेगळंच आहे. दोन-तीन वर्षांत आपल्या जागी बसू शकतील अशा दोघी-तिघी तयार करायच्या आणि मग खरोखर उठायचं. दहा-दहा वर्षं एकच अध्यक्षा असलेले गट मी खूप पाहिलेत. त्यातले बरेच गट त्या ताईंच्या आजारपणात किंवा मुलीच्या लग्नाच्या गडबडीत बंद पडले.

आधी जुनी वही वाचा

पद मिळाल्यावर पहिला महिना काहीही बदलू नका. इतिवृत्ताची नोंदवही, रोकड वही आणि कर्जाची खातेवही घ्या आणि मागच्या वर्षभराची पानं वाचून काढा. वाचता येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या मुलीकडून वाचून घ्या, पण घ्याच. सीआरपी ताईंनी (गावातल्या गटांना मदत करायला नेमलेल्या ताईंनी) "सगळं बरोबर आहे" म्हटलं तरी एकदा स्वतः बघा.

वाचताना हिशेब जुळतोय का हे बघालच. त्याबरोबर माणसंही बघा. कर्ज कोणाला तीनदा मिळालंय आणि कोणाला एकदाही नाही? बैठकीला कोण सतत गैरहजर आहे आणि तिची बचत दुसरीच कोणीतरी भरतेय का? ठरावाखाली कोणाच्या सह्या घाईत एकाच पेनाने, एकाच वळणाच्या दिसतात? वर्षभरात ज्या बाईचं नाव वहीत फक्त हजेरीत आलंय, चर्चेत कुठेच नाही, तिच्या नावाखाली पेन्सिलीने रेघ ओढा. तिचं काम आपल्याला पुढे आहे.

पंचसूत्री पाठ असेलच: नियमित बैठक, नियमित बचत, नियमित अंतर्गत कर्ज, नियमित परतफेड, नियमित लेखे. उमेदमध्ये त्यात आणखी पाच सूत्रं जोडून दशसूत्री झाली; आरोग्य, शिक्षण, पंचायतीतला सहभाग, शासकीय योजना, शाश्वत उपजीविका. प्रशिक्षणात सगळ्या एका सुरात म्हणतात. पण बघा, त्यातली पहिली पाचही सूत्रं एकट्या बाईला पाळता येत नाहीत. तरी ती एकटीच पाळायला जाते.

स्वतःवर घालायची बंधनं

ही कुठल्याही नियमावलीत सापडणार नाहीत. पहिल्या बैठकीत मोठ्याने सांगून टाका, म्हणजे मागे फिरता येत नाही.

कर्जाची मागणी आली की पदाधिकाऱ्यांनी रांगेत शेवटी उभं राहायचं. तुमची गरज खरी असली तरी. गटाच्या हातात पैसा कमी असताना अध्यक्षाताईंनी आधी कर्ज उचललं की ते गाव वर्षभर बोलतं, आणि बोलायला हवंच.

उशिराचा दंड पहिला स्वतः भरा. दहा रुपये असतील, पण पेटीत पडताना सगळ्यांना दिसले पाहिजेत.

रोकड घरी ठेवू नका. बैठकीत जमलेलं त्याच बैठकीत कर्जाने द्या, उरलेलं दुसऱ्या दिवशी बँकेत. "ताईंच्या कपाटात सुरक्षित आहे" हे म्हणणं कितीही विश्वासाचं असलं तरी त्या विश्वासावर एक दिवस नवरा, मुलगा किंवा दवाखाना हात टाकतो.

आणि थकबाकीदाराच्या घरी जायचं असेल तर आधी तुम्ही जा, दुसरीला पुढे करू नका. चारचौघांत मागू नका. चहाला म्हणून जा, बाई एकटी असताना विचारा. हप्ता थकतो तेव्हा घरात काहीतरी झालेलं असतं, आणि ते तुम्हाला बैठकीत कधीच कळणार नाही.

कोणाला तयार करायचं

बहुतेक अध्यक्षा दहावी-बारावी झालेली, चटपटीत बोलणारी, शक्यतो आपल्या भावकीतली बाई निवडतात. ती निवड चुकीची असतेच असं नाही, पण तिथेच थांबू नका.

अहिल्यानगर (तेव्हाच्या अहमदनगर) जिल्ह्यातल्या जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी 1970 मध्ये आरोग्याचं काम सुरू केलं. पुढे गावाने निवडलेल्या बायकांना त्यांनी गावच्या आरोग्यसेविका म्हणून तयार केलं. त्यातल्या कित्येक जणी निरक्षर होत्या, बऱ्याच दलित समाजातल्या होत्या, काहींना घरातही कोणी विचारत नव्हतं. त्या दर आठवड्याला जामखेडला यायच्या, थोडं शिकायच्या, गावात जाऊन करायच्या आणि पुढच्या आठवड्यात काय अडलं ते सांगायच्या. बाळंतपणं, लहान मुलांची वजनं, हगवणीवर मीठ-साखर-पाणी, सगळं असं शिकत शिकत आलं. पुढे नव्या बायकांना शिकवायचं काम जुन्या सेविकाच करू लागल्या. आरोळे दांपत्याला 1979 मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. आपल्या कामाला त्यातली शिकवण्याची तऱ्हाच जास्त उपयोगी आहे: थोडं शिकवा, लगेच करायला लावा, अडलं की परत बोला. आधी सगळं शिकवून मग जबाबदारी देऊ म्हणाल तर तो मुहूर्त येत नाही.

म्हणून दोघी निवडा. एक हुशार, सगळ्यांना पसंत असलेली. दुसरी, पेन्सिलीने रेघ ओढलेल्यांपैकी. दुसरीला वेळ लागेल. पण तिला बोलताना पाहून गटातल्या आणखी चार गप्प बायका तोंड उघडतात. हुशार बाईला पाहून उघडत नाहीत. त्या म्हणतात, तिला येतंच.

वही सोडा

माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची पायरी हीच. इथे घाई करू नका.

गटातली खरी सत्ता अध्यक्षपदात नसून वहीत असते. जिला लिहिता येतं ती सचिव होते, तिच्या हातात आकडे राहतात, आणि हळूहळू बाकीच्यांना आपली बचत किती हेही तिलाच विचारावं लागतं. आता बऱ्याच ठिकाणी लोकोस या गटांच्या हिशेबाच्या ॲपवर नोंदी होतात, तेव्हा तर वही बायकांच्या हातून मोबाइलमध्ये आणि मोबाइल सीआरपी ताईंच्या पिशवीत जाण्याची भीती आणखी वाढली आहे. नोंदी मोबाइलवर जरूर होऊ द्या, पण बैठकीत कागदाची वही उघडलेली असलीच पाहिजे.

पहिले काही आठवडे नव्या बाईला फक्त वाचायला द्या. बैठकीच्या शेवटी तिने उभं राहून वाचायचं: आज बचत किती जमली, कर्ज कोणाला दिलं, हप्ता कोणाचा आला, हातात शिल्लक किती. बारा जणींचा गट, आठवड्याला पन्नास रुपये बचत धरली तर सहाशे रुपये. एवढं साधं. पण पहिल्यांदा वाचताना हात थरथरतो. अडखळली तर मध्ये बोलू नका. तुम्ही वाक्य पूर्ण केलंत की पुढच्या वेळी ती तुमच्याच तोंडाकडे बघेल.

मग तिला व्याज काढायला लावा. तेही सगळ्यांसमोर, जमिनीवर खडूने. समजा एकीने 5,000 रुपये घेतले, महिना शेकडा दोन टक्के व्याज, मुद्दल दरमहा 500. पहिल्या महिन्याचं व्याज 100, म्हणजे हप्ता 600. दुसऱ्या महिन्यात मुद्दल राहिली 4,500, व्याज 90, हप्ता 590. तिसऱ्या महिन्यात 580. इथे कोणीतरी हटकून विचारतं, "दर महिन्याला कमी कसं होतं? सावकाराकडे तर तेवढंच राहायचं." या प्रश्नाचं उत्तर नव्या बाईलाच देऊ द्या. अर्धं मिनिट शांतता गेली तरी चालेल. घटत्या शिल्लकेवरचं व्याज जिने स्वतः दुसरीला समजावून सांगितलं, तिला पुन्हा कोणी फसवू शकत नाही. मायक्रो फायनान्सवाला एजंटसुद्धा नाही.

त्यानंतर लिहायला द्या. आधी रोकड वही, कारण तिथली चूक त्याच दिवशी पकडता येते, खातेवही नंतर. खाडाखोड होईल. होऊ दे. चुकलेल्या आकड्यावर एक रेघ, बाजूला बरोबर आकडा आणि दोघींच्या सह्या, एवढा नियम ठेवा. व्हाइटनर पिशवीत ठेवूच नका.

इतिवृत्त मात्र शेवटी सोपवा. आकड्यांपेक्षा ते अवघड. "सर्वानुमते ठरले" हे दोन शब्द लिहायला सोपे आहेत, पण कोणी काय आक्षेप घेतला हे लिहायला धाडस लागतं. नव्या बाईने एकदा जरी लिहिलं की "सौ. अमुक यांनी या कर्जाला हरकत घेतली, त्यांचं कारण असं", तर समजा ती तयार झाली.

बोलणं कमी करा

खुर्चीवर बसू नका, सतरंजीवर सगळ्यांबरोबर गोलात बसा. हे बहुतेक गटांत आधीच असतं. नसतं ते एवढंच, की अध्यक्षाताईंनी आपलं मत शेवटी सांगावं. तुम्ही आधी "मला वाटतं हिला द्यावं" म्हणालात की चर्चा संपली. वहिनींच्या शब्दाबाहेर जायचं कसं, असा विचार करून बाकीच्या मान डोलवतात.

गडचिरोलीत धानोरा तालुक्यातलं मेंढा-लेखा हे गोंड आदिवासींचं गाव. तिथली ग्रामसभा बहुमताने निर्णय घेत नाही, सर्वसहमतीने घेते. एखाद्याचा विरोध असेल तर विषय पुढच्या सभेत पुन्हा येतो. निर्णय घेण्याआधी विषय समजून घ्यायला गावात अभ्यास गट बसतो, तिथे कोणीही यावं, बाहेरच्या जाणकारालाही बोलवावं. या गावाला 2009 मध्ये सामूहिक वनहक्क मिळाले, आणि ते मिळालेल्या देशातल्या पहिल्या गावांत त्याचं नाव आहे. त्याची बातमी सगळ्यांना माहीत असते, पण त्यामागे वर्षानुवर्षं चाललेली ही बोलायची आणि ऐकायची शिस्त होती.

आपल्या गटात दर कर्जाला सर्वसहमतीची वाट बघणं जमणार नाही, हे मान्य. कोणाचं पोर तापाने फणफणलेलं असतं. पण अभ्यास गटाची युक्ती उचलण्यासारखी आहे. महिन्यातून एका बैठकीत कर्ज-हप्ता आटोपल्यावर अर्धा तास एकच विषय घ्या. पीक विमा, शेळीचं लसीकरण, मुलीचा जातीचा दाखला, काहीही. आणि तो विषय मांडायची पाळी दर वेळी वेगळ्या बाईची. माहिती तिने गोळा करून आणायची. ग्रामसेवकाला विचारेल, आशाताईंना विचारेल, जनावरांचं बघणाऱ्या पशुसखीकडे जाईल. विषय किती रंगला याला फार किंमत देऊ नका. ती चार ठिकाणी विचारायला गेली, हे झालं तरी खूप.

बँकेत मागे राहा

गटाच्या खात्यावर साधारणपणे अध्यक्ष, सचिव आणि कोषाध्यक्ष अशा तिघींच्या सह्यांची नोंद असते आणि त्यातल्या दोघींच्या सह्यांनी पैसे निघतात. प्रत्यक्षात मात्र बँकेत सगळे एकाच चेहऱ्याला ओळखतात. साहेब म्हणतात, "त्या नेहमीच्या ताईंना पाठवा."

इथे तीन फेऱ्यांत काम करा. पहिल्या फेरीत नव्या बाईला बरोबर न्या आणि फक्त दाखवा: पैसे काढायची स्लिप कुठे मिळते, गटाचा शिक्का कुठे मारायचा, पासबुक छापायचं मशीन कुठे आहे, गटांना बँकेच्या कामात मदत करणारी बँकसखी कुठे बसते. दुसऱ्या फेरीत स्लिप तिने भरायची, खिडकीशी ती उभी राहील, तुम्ही मागे. साहेबांनी तुमच्याकडे बघून प्रश्न विचारला तर "यांना विचारा, आता या बघतात" एवढंच म्हणा. तिसऱ्या फेरीत तुम्ही बाहेर बाकावर बसा. चौथ्या फेरीला तुम्ही जाऊच नका.

जाण्याआधी तिला चार गोष्टी माहीत असल्या की ती दबत नाही. गटांना बँकेशी जोडण्याचं काम नाबार्डने, म्हणजे शेती आणि ग्रामविकासाच्या राष्ट्रीय बँकेने, 1992 मध्ये सुरू केलं, म्हणजे बँक आपल्यावर उपकार करत नाही. इतक्या वर्षांचा हा व्यवहार आहे. वीसपर्यंत सदस्य असलेल्या गटाला खातं उघडायला वेगळी नोंदणी लागत नाही. बचत खातं उघडताना पदाधिकाऱ्यांचं केवायसी (ओळखीची कागदपत्रं) पुरतं, सगळ्या सदस्यांचं आणा म्हणून परत पाठवणं बरोबर नाही. आणि राष्ट्रीय ग्रामीण जीवनोन्नती अभियानातल्या गटांना 20 लाखांपर्यंतच्या कर्जाला तारण मागायचं नाही, असं रिझर्व्ह बँकेनेच सांगितलेलं आहे. हे भांडायला नको, नुसतं माहीत असलेलं पुरतं. माहीत असलेल्या बाईचा आवाजच वेगळा लागतो.

एक सावधगिरी. नव्या बाईबरोबर तिचा नवरा किंवा दीर बँकेत यायला लागला तर पहिल्याच वेळी गोडीने थांबवा. "भाऊ, तुम्ही गाडीवर सोडा, आत आम्ही बघतो." दोनदा आत आला की तिसऱ्यांदा सहीचा कागद तोच पुढे करतो.

गटाबाहेर उभं करा

ग्रामसंघात, म्हणजे गावातल्या सगळ्या गटांच्या मिळून झालेल्या संघात, प्रत्येक गटाचे प्रतिनिधी जातात. तिथे दर वेळी तुम्हीच जाऊ नका. नवी बाई जाईल, परत येऊन गटाला सांगेल. सांगताना अर्धं विसरेल, तेव्हा वही नेत जा म्हणा.

पुढची पायरी गावची. महाराष्ट्रात ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यायची तरतूद कायद्यात आहे आणि स्थानिक स्वराज्य संस्थांत निम्म्या जागा 2011 पासून बायकांसाठी राखीव आहेत. कागदावर सगळं ठीक. बऱ्याच गावांत ही महिला सभा सह्यांच्या रजिस्टरवरच उरकते. तुमच्या गटाने एकच प्रश्न घेऊन जावा, तोही लेखी: अंगणवाडीचं छत, नळाला पाणी किती वाजता येतं, स्मशानाचा रस्ता. प्रश्न वाचायचा नव्या बाईने. उत्तर मिळालं नाही तर पुढच्या सभेत तोच प्रश्न पुन्हा, तीच बाई पुन्हा.

इथे राजकारणी मंडळी येणारच. "ताई, सभेला पन्नास बायका हव्यात, गाडी पाठवतो." ही मागणी तुमच्याकडे आली तर गटासमोर ठेवा, एकटीने हो म्हणू नका आणि एकटीने नाहीही म्हणू नका. ज्या अध्यक्षा गटाच्या बायका आपल्या मर्जीने कोणाच्याही सभेला नेतात, त्यांना पुढे तिकीट मिळतंही कधीकधी. गट मात्र त्यांच्यामागे उरत नाही. नव्या बायका हे सगळं बघत असतात आणि पुढारीपण म्हणजे काय ते त्यातूनच शिकतात, प्रशिक्षणातून नाही.

पद सोडताना

मुदत संपायच्या सहा महिने आधी बैठकीत सांगा की आपण पुन्हा उभ्या राहणार नाही. "तुम्हीच राहा हो" असा आग्रह होईल, त्याला बळी पडू नका. आग्रह करणाऱ्यांत खरं प्रेम असतं आणि थोडी सोयही असते. काम दुसऱ्याच्या अंगावर राहिलेलं बरं.

निवड हात वर करून न करता नावं सुचवून, प्रत्येकीकडून ऐकून करा. तुम्ही तयार केलेल्या दोघींपैकी एकीला तरी लोक घेतील. नाहीच घेतलं आणि भलतीच पुढे आली, तर तिलाही त्याच वही-बँकेच्या वाटेने न्या. तुम्ही तयार केलेलीच बाई निवडली पाहिजे हा हट्ट धरलात तर एवढ्या सगळ्या कष्टांवर पाणी पडलं म्हणून समजा.

निवडीनंतर पहिल्या चार-पाच बैठका तुम्ही नुसत्या सदस्य म्हणून बसा. नवी अध्यक्षा तुमच्यापेक्षा वेगळ्या पद्धतीने करेल. हप्त्याआधी बचत घेईल, दंड वाढवेल, बैठकीची वेळ बदलेल. पैशाला धोका नसेल तर गप्प राहा. बैठक संपल्यावर घरी जाताना तिच्याबद्दल दुसरीशी बोलणं हा सगळ्यात मोठा मोह असतो, आणि गटात फूट तिथूनच पडते.

राहता राहिले कागद. पदाधिकारी बदलल्याचा ठराव इतिवृत्तात लिहा, त्याखाली सगळ्या सदस्यांच्या सह्या किंवा अंगठे घ्या. ठरावाची प्रत, नव्या पदाधिकाऱ्यांचं आधार, पॅन असेल तर पॅन आणि फोटो घेऊन बँकेत जा, सह्यांचा नमुना बदलून घ्या. ग्रामसंघाला आणि सीआरपी ताईंना प्रत द्या. शिक्का, पासबुक, चेकबुक असेल तर तेही, जुन्या वह्या आणि पेटीची किल्ली यांची यादी करून बैठकीत हवाली करा, यादीवर दोघींच्या सह्या. आणि खात्याशी जोडलेला मोबाइल नंबर बदलायला विसरू नका. बँकेचे मेसेज महिनोन्‌महिने जुन्या अध्यक्षेच्या फोनवर येत राहतात, आणि नवीला खात्यात किती जमा झालं हे तिलाच विचारावं लागतं.